प्रपत्र ब आणि खिडकीकडचा बाक

‘निरंक’ हा शब्द नोकरीला लागेपर्यंत मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आता घरीसुद्धा वापरते. मुलगी विचारते, डब्यात लाडू उरलेत का? मी म्हणते, निरंक. आमच्या खात्यात एखादी गोष्ट नसली, एवढ्यानं भागत नाही. ती नसल्याचं लेखी द्यावं लागतं, विहित नमुन्यात, दोन प्रतींत, सही-शिक्क्यानिशी. ‘आपल्या शाळेत ॲसिड हल्ल्यातील पीडित विद्यार्थी असल्यास माहिती प्रपत्र ब मध्ये सादर करावी, नसल्यास निरंक कळवावे.’ ३८ शाळांचे ३८ निरंक गोळा करून त्यांचा एकत्रित निरंक तयार करायला मला एकदा दीड दिवस लागला होता. शेवटचा निरंक एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेचा राहिला होता. तिथं रेंज नाही. गुरुजी संध्याकाळी चढावर आंब्याखाली येऊन उभे राहिले, तेव्हा तो मिळाला.

मी विशेष शिक्षिका, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारी. सर्व शिक्षा अभियान होतं तेव्हा, २००८ साली, कंत्राटावर लागले. पुढे २०१८ला त्याचं समग्र शिक्षा झालं, माझं कंत्राट तेच राहिलं. एका वर्गात बसून शिकवणारी मी नव्हे, फिरती. कोकणातला डोंगराळ तालुका, ६२ मुलं, ३८ शाळा. त्यातली पाच मुलं अशी की शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन बसायचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१मध्ये केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२मध्ये केंद्राची अधिसूचना निघाली की विशेष शिक्षक प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक असावा, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. ती अधिसूचना मी एसटीत बसून मोबाईलवर वाचली. वाचताना मांडीवर ६२ मुलांची फाईल होती आणि कंडक्टर विचारत होता, बाई, सुटे आहेत का?

आमच्याकडे काम व्हॉट्सॲपवर येतं. सकाळी साडेदहाला ग्रुपवर पीडीएफ पडते. वर ‘अतितात्काळ’. खाली ‘उपरोक्त विषयान्वये’ वगैरे, मग ‘आजच सायंकाळी ५ वाजेपर्यंत’, त्यातल्या ‘आजच’खाली रेघ, आणि शेवटी ‘विलंब झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल’. पत्रावरची तारीख मात्र आठ दिवसांपूर्वीची. वरून निघालेलं पत्र प्रत्येक टेबलावर दोन दोन दिवस विसावत खाली येतं आणि उरलेले साडेसहा तास माझ्या वाट्याला येतात. एवढं सगळं होऊन मागितलेलं काय असतं? यादी. तीच ६२ नावं. कधी प्रवर्गनिहाय, कधी इयत्तानिहाय, कधी मुलगे-मुली वेगळे, कधी जातीच्या प्रवर्गानुसार, कधी बँकेनुसार. शिबिराला आलेल्यांची यादी झाली की न आलेल्यांची यादी, आणि ते का आले नाहीत याचा खुलासा. शिवाय महिन्याच्या सुरुवातीला फिरतीचं नियोजन, शेवटी भेट अहवाल. शाळेत गेलं की शेरेबुकात नोंद, नोंदीखाली मुख्याध्यापकांची सही, सहीचा फोटो, मग मुलासोबत फोटो, तोसुद्धा खाली अक्षांश-रेखांश उमटणारा.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्यानं ते २१ केले. थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन अशी यादी वाढली आणि ते बरंच झालं. कितीतरी मुलं त्या यादीमुळे कायद्याच्या आत आली. पण आमच्या तक्त्यात त्याचे २१ रकाने झाले, प्रत्येकाखाली मुलगे-मुली-एकूण. ए-थ्री कागद आडवा धरला तरी शेवट पुढच्या पानावर जातो. सगळ्यात टोकाला ‘शेरा’ नावाचा रकाना असतो, बोटभर रुंद. मुलाबद्दल काही सांगायचं असेल तर जागा तेवढीच. तिथं आम्ही आडवी रेघ मारतो.

हे वाचून कुणाला वाटेल, ही बाई कागदाच्या विरोधात आहे. तसं नाही. माझ्या पहिल्याच सर्वेक्षणात एका घरात शिरले, तर पडवीत गोणपाटावर एक मुलगी बसलेली. वय विचारलं. आई म्हणाली, होळीला अकरा सरतील. मुलीचं नाव अंगणवाडीत नव्हतं, शाळेत नव्हतं, रेशनकार्डावरही नव्हतं. त्या दिवशी मी माझ्या फॉर्मवर लिहिलं ती त्या मुलीची कुठल्याही कागदावरची पहिली नोंद. नाव लिहिताना मी आईला दोनदा विचारलं, ऱ्हस्व की दीर्घ. तिला काय ठाऊक असणार. मलाच वाटलं, पहिल्यांदा लिहितेय तर नीट लिहावं. तेव्हा कागदानं मूल दिसायला लागतं हे मला कुणी शिकवायला नको. प्रत्येक दिव्यांग मुलाच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवा, हे २०१६च्या कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि लक्ष ठेवायचं तर लिहावं लागणारच.

आणखी एक. कुणी मला विचारलं की तुझा सगळ्यात जास्त वेळ कुठल्या कागदात गेला, तर उत्तर आहे एका मुलीचा मदतभत्ता. दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने. म्हणजे दोन हजार. ते थेट खात्यात जमा होणार, म्हणून खातं हवं. खात्याला आधार हवं. आधारला बोटांचे ठसे हवेत. या मुलीला सेरेब्रल पाल्सी, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. ठसे घेता येत नसतील तर त्याची सोय आधारच्या नियमांतच आहे, पण केंद्रावरच्या पोराला ती माहीत नव्हती आणि मलाही तेव्हा नव्हती. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी आईनं घरून थर्मासमध्ये कोमट पाणी आणलं होतं. केंद्राच्या पायरीवर बसून एकेक बोट पाण्यात धरायचं, हळूहळू उलगडायचं, पदरानं टिपायचं, आणि ते मिटायच्या आत काचेवर ठेवायचं. मुलगी खिदळत होती, तिला तो खेळ वाटला. चौथ्या बोटाला यंत्र हिरवं झालं तेव्हा रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. या कामात माझे सहा दिवस गेले आणि त्यातला एकही मी कधी ‘कागदी काम’ म्हणून मोजला नाही. कारण त्या कागदाच्या पलीकडे ती होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो. कागदावर एवढं लांब नाव, बोलताना सगळे आयईपी म्हणतात. मुलाला आज काय येतं, वर्षभरात कुठवर न्यायचं, त्यासाठी वर्गात काय बदल करायचे, हे त्यात लिहायचं. आमच्या सगळ्या कागदांत खरा कागद म्हणाल तर हाच. नीट करायचा तर एका मुलामागे किमान दोन दिवस हवेत: मुलाला पाहायला, घरच्यांशी बोलायला, वर्गशिक्षकाजवळ बसायला. एका वर्षी जूनमध्ये ग्रुपवर निरोप आला, सोमवारी तपासणी पथक येतंय, सर्व आयईपी अद्ययावत असावेत. निरोप आला शुक्रवारी. ६२ आराखडे, प्रत्येकी सहा पानं. मी तीन रात्री स्वयंपाकघरात ओट्याशी बसून ते लिहिले. लिहिले म्हणजे काय, मागच्या वर्षीचे उतरवले आणि तारखा बदलल्या. रविवारी रात्री दोन वाजता जो मुलगा हाताखाली आला, तो आमच्या यादीतला सीडब्ल्यूएसएन क्रमांक १४. (‘चिल्ड्रन विथ स्पेशल नीड्स’. मुलांना आमच्याकडे कागदावर असंच म्हणतात, चार इंग्रजी अक्षरांत. माझ्या तोंडूनही कधी कधी निघून जातं आणि मग माझीच मला लाज वाटते.)

त्याचा डावा कान पूर्ण बंद. उजव्या कानाला यंत्र लावलं की बऱ्यापैकी ऐकू येतं. तेव्हा त्याला वर्गात डावीकडे बसवायचं, म्हणजे चांगला उजवा कान वर्गाकडे आणि गुरुजींकडे राहतो. हे मला झोपेतही सांगता येईल. पण त्या रात्री मी खरोखरच अर्धवट झोपेत होते, आणि लिहिलं: ‘उजव्या कानाने ऐकू येते, सबब वर्गात उजव्या बाजूस बसवावे.’ वाचायला किती बरोबर वाटतं बघा. ‘सबब’सुद्धा लिहिलं होतं.

त्याखाली चार सह्या झाल्या. माझी, मुख्याध्यापकांची, केंद्रप्रमुखांची (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), आणि तालुक्याची. सोमवारी पथक आलं. त्यांनी गठ्ठा मोजला, ६२ भरले, वरची तीन पानं उलटली, चहा घेतला. शेरा पडला: ‘अभिलेखे अद्ययावत. काम समाधानकारक.’

जुलैत त्या शाळेवर बदलीनं एक तरुण शिक्षक आले. तीन वर्षांपूर्वी डी.एड. झालेले, अंगात उत्साह. आल्या आल्या त्यांनी कपाटातली फाईल काढून त्या मुलाचा आराखडा वाचला. आमची फाईल वाचणारा माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता. वाचून त्यांनी लगेच अंमलही केला. मुलाला डावीकडच्या रांगेतून उठवून उजवीकडे बसवला.

उजवीकडे खिडक्या. वर पत्रा. कोकणातला जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. कानातलं यंत्र काही माणसाचा आवाज निवडून मोठा करत नाही, ते सगळंच मोठं करतं. चांगला कान खिडकीकडे, आणि त्या कानात पागोळ्या, पत्रा, बाहेरचा वहाळ. गुरुजी बोलत होते ते बंद कानाच्या बाजूनं. मुलगा बिचारा सारखी मान वळवायचा. गुरुजींच्या नजरेतून तो खिडकीबाहेर बघणारा मुलगा. त्यांनी नोंदवहीत लिहिलं: ‘लक्ष देत नाही. चंचल.’

मी त्या पावसाळ्यात त्या शाळेत दोनदा गेले होते. दोन्ही वेळा पाऊण तास. त्यातला अर्धा तास मुख्याध्यापकांच्या टेबलाशी, कारण प्रवासभत्त्याच्या यादीवर सह्या राहिल्या होत्या आणि एका पालकाच्या खात्याचा आयएफएससी कोड जुळत नव्हता. मग वर्गात जाऊन मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, यंत्राची बॅटरी पाहिली, फोटो काढला, निघाले. पुढे दोन शाळा होत्या आणि शेवटची गाडी पाच दहाची.

ऑगस्टअखेर त्याची आजी बाजारात भेटली. भाजीची पाटी खाली ठेवून म्हणाली, “बाय, पोराला खिरकीपाशी बशीवलाय. निस्ता पाऊस ऐकू येतो बोलतो.”

मी तिथंच रस्त्याच्या कडेला मोबाईल काढला आणि जुलैचा भेटीचा फोटो उघडला. खाली पांढऱ्या पट्टीत अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ ११.४२. वर मी, हसरी. माझ्या शेजारी तो. त्याच्या उजव्या खांद्यामागे खिडकीचे गज आणि गजांमागे पाऊस. मी तिथं गेले होते याचा याहून पक्का पुरावा नाही. काय पाहिलं नाही, त्याचाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन बाक बदलला. त्या तरुण गुरुजींची माफी मागितली. ते उलट माझीच समजूत काढायला लागले, तुम्ही लिहिलंत म्हणून मी केलं, चूक माझीच, मी कान तपासायला हवा होता. कसला कान तपासणार ते? चूक माझीच होती. ओट्याशी बसून, रात्री दोन वाजता, कुणाच्या तरी मोजणीसाठी मी तो कागद लिहिला होता, आणि तो कुणी वाचेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. वाचणारच नाही अशा माणसासाठी लिहायची सवय लागली की हात काय लिहितो याकडे लक्ष राहत नाही. इतक्या वर्षांत कागदांनी माझा वेळ खाल्ला त्याचं मला तितकं वाटत नाही. ही सवय लावली, त्याचं वाटतं.

माझी बी.एड.ची एक मैत्रीण लग्नानंतर अमेरिकेत गेली. न्यू जर्सीत एका सरकारी शाळेत ती हेच काम करते. आमचा रविवारी फोन असतो. तिला हा किस्सा सांगितला तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माझा आयईपी तर तीस तीस पानांचा असतो गं. मला वाटायचं, तिकडे मुलं कमी, पगार बरा, हाताशी संगणक, तिला कसला जाच? पण आयईपी हे मूळ तिकडचंच पीक. १९७५च्या त्यांच्या कायद्यानं प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा सक्तीचा केला, आणि योग्यच केलं, कारण त्याआधी शाळा अशा मुलांना सरळ दारातून परत पाठवायच्या. पुढे त्या आराखड्याभोवती नोटिसा, संमतीपत्रं, हक्कांच्या पुस्तिका, बैठकांची इतिवृत्तं अशी वेल वाढत गेली. तिच्या शब्दांत सांगायचं तर, “तुम्ही तपासणीसाठी लिहिता, आम्ही वकिलासाठी.” उद्या एखादा पालक न्यायालयात गेला तर प्रत्येक वाक्य उलटतपासणीत टिकलं पाहिजे, या धाकानं ती लिहिते. तीस पानं होतात ती त्यामुळे. आणि वर्गातल्या मदतनीस बाईला द्यायला ती वेगळी अर्ध्या पानाची चिठ्ठी करते.

तिनंच मला एक गंमत सांगितली. २००४ साली तिथल्या संसदेनं हा कायदा सुधारताना मान्य केलं की कागद फार झालेत. १५ राज्यांपर्यंत प्रयोग म्हणून काही कागदांतून सूट देऊ, आणखी १५ राज्यांना दरवर्षीऐवजी तीन वर्षांचा एकच आराखडा करू देऊ, अशी तरतूद केली. किती राज्यांनी अर्ज केला? एकानंही नाही. आमच्या भाषेत, निरंक. सूट घ्यायची तर तिच्यासाठीही प्रस्ताव, अटी, मूल्यमापन, आणि त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. कागद कमी करण्याचा अर्ज भरायला कुणाला सवड नव्हती. पुढे केंद्रानं सुटसुटीत नमुने छापून दिले, तर राज्यांनी त्यात आपले रकाने घातले आणि जिल्ह्यांनी आपले. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१६च्या अहवालात हेच नोंदवलं की केंद्राच्या ओझ्यावर राज्यांचं आणि स्थानिक मंडळांचं ओझं चढत जातं. मी म्हटलं, आमच्याकडे अहवालाशिवायच ठाऊक आहे हे. दिल्लीहून येताना तक्त्याला दहा रकाने असतात, तालुक्याला पोचेस्तोवर सतरा होतात.

आपल्याकडे सुटकेचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये. राज्यानं ऑगस्ट २०२४मध्ये शैक्षणिक कामं कुठली आणि अशैक्षणिक कुठली याची वर्गवारीही करून दिली. पण माझ्या कागदांना ती लागू पडत नाही. त्यांच्यावर मुलाचं नाव असतं ना! म्हणजे झालं शैक्षणिक.

मग ॲप आलं. एनसीईआरटीनं २०२२मध्ये ‘प्रशस्त’ नावाचं ॲप काढलं. वर्गशिक्षकानं प्रश्नावली भरून २१ प्रकारांपैकी कशाची शंका येतेय का ते पाहायचं. निदान नव्हे, पहिली चाळणी. कल्पना चांगली आहे, मी मनापासून म्हणते. मूल पहिलीत ओळखलं गेलं तर चौथीपर्यंत ‘ढ’ म्हणून मार खाणार नाही. पण आमच्याकडे काय झालं? कुठल्या केंद्रानं किती टक्के भरलं याचा रंगीत तक्ता रोज संध्याकाळी ग्रुपवर पडू लागला. लाल रंगात आपलं नाव नको म्हणून शिक्षक पटापट भरायला लागले. एका शाळेत एका दुपारी अख्ख्या पटाची चाळणी उरकली, सगळी मुलं ठणठणीत. मी त्या वर्गात होते. दुसऱ्या रांगेतलं एक पोर फळ्यावरचं उतरवून घेताना डोळे बारीक करून शेजारणीच्या वहीत बघत होतं. आणि हो, ऑनलाइन भरून झाल्यावर स्क्रीनशॉटची प्रिंट काढून फाईलला लावायची होती. दोन प्रतींत.

एकदा तर खरोखरच कागद कमी केला गेला. आयईपीचा ‘सुटसुटीत’ नमुना आला, सहा पानांचा दीड पानाचा. आम्ही आनंदलो. मग वाचलं. वगळलेला भाग होता ‘विद्यार्थ्यास सध्या काय येते’ आणि ‘पालकांचे म्हणणे’. याद्या जशाच्या तशा होत्या. म्हणून कुणी नुसतं ‘कागद कमी करा’ म्हटलं की मला धडकी भरते. कात्री कुणाच्या हातात आहे, ते आधी बघावं लागतं.

माझं मागणं फार मोठं नाही. मुलांची नावं, प्रवर्ग, इयत्ता, जात हे सगळं यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर मुलागणिक भरलेलं असतं. मग यादी हवी त्यानं तिथून घ्यावी, माझ्या एसटीत फोन करू नये. आधारच्या आणि खात्यांच्या भानगडींना तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एखादा डेटा ऑपरेटर पुरेल. पोस्टातला निवृत्त माणूस बसवला तरी आमच्यापेक्षा नेटकं करील. आणि प्रत्येक प्रपत्राच्या डोक्यावर, जावक क्रमांकाच्या शेजारी, एक ओळ छापावी: हे कोण वाचणार आहे, आणि वाचून काय करणार आहे. ती ओळ भरता आली नाही तर ते प्रपत्र काढूच नये. हे मी एका बैठकीत उभी राहून म्हणाले होते. साहेब हसले. म्हणाले, “मॅडम, सूचना चांगली आहे, लेखी द्या.”

त्या बाकाच्या प्रकरणानंतर मी दोनशे पानी फुलस्केप वही घातली. कुणी मागितलेली नव्हे, माझी. प्रत्येक मुलाला तीन पानं. त्यात ‘सबब’ नाही.

‘१४ – डावीकडेच बसव. पावसात यंत्राचा आवाज एक खाली. चिडला की यंत्र काढून खिशात ठेवतो, धुवायला जातं. आजीला सांगितलंय.’

‘२७ – ताट डावीकडून सरकवलं तर स्वतः जेवते. उजव्या मुठीत चमचा अडकवायचा, दांड्याला सुती चिंधी. घाई केली की मूठ आवळते.’

‘४१ – आई बुधवारी बाजाराला. गुरुवारी जा. बाप समोर असला तर मुलगा बोलत नाही.’

यातलं वर्गाच्या कामाचं तेवढं, चार-पाच ओळी, मी चिठ्ठीवर लिहून हजेरीच्या कॅटलॉगच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवायला लागले. फाईल कपाटात जाते, कॅटलॉग रोज उघडतो. एका तपासणीत विचारणा झाली, हे कुठल्या नमुन्यात आहे? मी म्हटलं, कुठल्याच नाही. मग त्याकडे कुणी फिरून पाहिलं नाही, ते एक बरं झालं. शिक्षक मात्र वाचतात, कारण काही चिठ्ठ्यांवर आता माझं नसलेलं अक्षर दिसतं. एका बाईंनी पेन्सिलीनं खाली लिहिलं होतं, ‘गाण्याच्या तासाला आपणहून पुढे येतो.’ मला ते माहीत नव्हतं.

२०२४च्या शेवटाला राज्यानं विशेष शिक्षकांची ४८६० पदं शाळांच्या केंद्रस्तरावर निर्माण करायचं ठरवलं. त्यानंतरच्या फेरवाटपात माझी काही केंद्रं एका नव्या बाईंकडे गेली. वयानं माझ्या निम्म्या. चार्ज द्यायला आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात बसलो. फायली ४१, नोंदवह्या ९, साहित्य संच ३, ब्रेल पाटी १, असं एकेक मोजत ती यादीवर टिक करत होती. सगळ्यांत शेवटी मी पिशवीतून ती वही काढली. झेरॉक्स घरी काढून ठेवली होती.

“ही कशात धरायची?” तिनं विचारलं. “यादीत नाही.”

“इतर, एक, असं लिहा.”

तिनं लिहिलं. मग वही उघडून पाहायला लागली. माझी गाडी यायची होती, मी रस्त्यापर्यंत गेले आणि छत्री विसरले म्हणून परत फिरले, तर ती अजून तशीच उभी, खांबाला टेकून, वाचत. पानं मागेपुढे करत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “ही २७ नंबरची. चिंधी सुती लिहिलीय. लोकरीची का नको?”

“लोकर टोचते तिला,” मी म्हटलं. “हे लिहायचं राहिलं बघ.”

तिनं पर्समधून पेन काढलं.